क्रेडिट कार्डाचे पॉइंट: पैसा कोणाचा, कमाई कोणाची

क्रेडिट कार्डावर मिळणारे पॉइंट, कॅशबॅक आणि सवलती यांचा पैसा तीन ठिकाणांहून येतो. दुकानदाराच्या खात्यातून कापले जाणारे कमिशन हे पहिले. वेळेवर पूर्ण बिल न भरणाऱ्यांकडून वसूल होणारे व्याज आणि दंड हे दुसरे. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी कंपन्या जाहिरातीत घालतात तो पैसा तिसरा. कार्डातून कमाई होते का आणि कोणाची होते, हे या तिन्ही वाटा पाहिल्यावरच सांगता येते.

श्रीरामपूरच्या मेन रोडवर कोणी 1,000 रुपयांची साडी घेऊन क्रेडिट कार्डाने पैसे दिले, तर दुकानदाराच्या खात्यात पूर्ण 1,000 रुपये जमा होत नाहीत. व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क, ज्याला बँकेच्या भाषेत एमडीआर म्हणतात, ते साधारण दीड ते अडीच टक्के असते. दोन टक्के धरले तर दुकानदाराला 980 रुपये मिळतात. कापलेल्या 20 रुपयांतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, थोडा मशीन बसवणाऱ्या बँकेला आणि थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांना. कार्ड देणारी बँक आपल्या वाट्यातले पाच-दहा रुपये ग्राहकाला पॉइंटच्या रूपाने परत करते. पॉइंट ही बँकेने पदरमोड करून दिलेली भेट नसते. दुकानदाराने सोडलेल्या पैशातला तो एक हिस्सा असतो.

डेबिट कार्डावर आणि साध्या यूपीआयवर सांगण्याजोगे पॉइंट का मिळत नाहीत, याचे कारणही यातच आहे. 1 जानेवारी 2020 पासून भारतात रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय या दोन्हींवरचा एमडीआर शून्य करण्यात आला. व्हिसा आणि मास्टरकार्डाच्या डेबिट कार्डांवर त्याआधीच, 2018 पासून, छोट्या व्यापाऱ्यांसाठी 0.40 टक्के आणि इतरांसाठी 0.90 टक्के अशी कमाल मर्यादा लागू होती. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, म्हणून पॉइंट तिथेच आहेत. युरोपीय संघाने 2015 मध्ये कार्ड देणाऱ्या बँकेच्या वाट्यावर क्रेडिट कार्डासाठी 0.3 टक्के आणि डेबिट कार्डासाठी 0.2 टक्के अशी मर्यादा घातली. तिथल्या कार्डांवरच्या बक्षिसांना तेव्हापासून ओहोटी लागली. अमेरिकेत अशी मर्यादा फक्त डेबिट कार्डांवर आली, त्यामुळे तिथल्या क्रेडिट कार्डांची बक्षिसे आजही घसघशीत आहेत. कमिशन जिथे आटते तिथे पॉइंटही आटतात.

बक्षिसांची ही पद्धत मुळात अमेरिकेची. 1986 मध्ये देशभर आलेल्या डिस्कव्हर कार्डाने खर्चाचा काही भाग रोख परत देण्याची प्रथा रुजवली. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने 1980 मध्ये क्रेडिट कार्ड आणले. पण पुढची कित्येक वर्षे ते मुंबई-पुण्यातल्या मोठ्या पगारदारांपुरतेच राहिले. तालुक्याच्या गावापर्यंत कार्ड पोचले ते ऑनलाइन खरेदीबरोबर. ॲमेझॉन आणि आयसीआयसीआय बँक यांचे जोडकार्ड ऑक्टोबर 2018 मध्ये आले, फ्लिपकार्ट आणि ॲक्सिस बँकेचे 2019 मध्ये. 2024 च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या 10 कोटींवर गेली.

पॉइंट आणि रुपया यांची बरोबरी नसते, आणि पहिली फसगत इथेच होते. एखाद्या कार्डाचा एक पॉइंट 1 रुपयाचा असतो, दुसऱ्याचा 25 पैशांचा, तिसऱ्याचा त्याहूनही कमी. '100 रुपयांना 4 पॉइंट' ही जाहिरात ऐकायला चार टक्क्यांची वाटते. पॉइंट 25 पैशांचा असेल तर प्रत्यक्षात तो एक टक्का असतो. त्यातही भाडे, वॉलेटमध्ये पैसे भरणे, सरकारी देणी, इंधन आणि पुष्कळदा विमा यांवर पॉइंट मिळत नाहीत किंवा कमी मिळतात. पॉइंटांना मुदत असते, साधारण दोन-तीन वर्षांची. ते वापरतानाही काही बँका शुल्क घेतात. कार्ड घेण्याआधी म्हणून एकच हिशेब करावा: आपण नेहमी करतो त्या 100 रुपयांच्या खर्चामागे, सर्व अटी धरून, किती रुपये किती पैसे परत येतात? हा आकडा बहुतेक साध्या कार्डांवर अर्धा ते एक टक्का निघतो. ठरावीक दुकानाशी किंवा कंपनीशी जोडलेल्या कार्डावर, त्या ठिकाणच्या खर्चापुरता, तो तीन ते पाच टक्क्यांवर जातो.

पेट्रोलचे उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण श्रीरामपूरसारख्या गावात दर महिन्याला न चुकणारा खर्च हाच. राहुरी, नेवासा, शिर्डी, संगमनेर अशी रोजची ये-जा करणाऱ्या माणसाचे महिन्याला 4,000 रुपयांचे पेट्रोल सहज होते. भारत पेट्रोलियम आणि एसबीआय कार्ड यांचे जोडकार्ड 2017 मध्ये आले. त्याच्या जाहीर अटींप्रमाणे कंपनीच्या पंपावर 100 रुपयांना 13 पॉइंट मिळतात आणि चार पॉइंटांचा एक रुपया होतो, म्हणजे परतावा सव्वातीन टक्के. जाहिरातीत 4.25 टक्के लिहिलेले असते. त्यातला एक टक्का म्हणजे पंपावर कार्डासाठी लागणारा अधिभार माफ होतो तो. तो पैसा मिळत नाही, फक्त जायचा वाचतो. तेव्हा तो कमाईत धरू नये.

महिन्याला 4,000 म्हणजे वर्षाला 48,000 रुपयांचे पेट्रोल. सव्वातीन टक्क्यांनी 1,560 रुपये मिळाले. कार्डाची वार्षिक फी 499 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 589. वर्षाचा खर्च 50,000 रुपयांवर गेला तर ही फी माफ होते. फक्त पेट्रोलसाठी कार्ड वापरणाऱ्याचा टप्पा 2,000 रुपयांनी हुकतो आणि 1,560 चे 971 रुपये उरतात. त्याच कार्डावर मोबाइलचे रिचार्ज किंवा घरातली एखादी खरेदी टाकली, तर 589 रुपये वाचतात. या कार्डातली खरी युक्ती एवढीच आहे, आणि ती वर्षाच्या सुरुवातीला वहीत लिहून ठेवणाऱ्यालाच साधते. गावाजवळचा पंप दुसऱ्या कंपनीचा असेल तर या कार्डाचा उपयोग नाही. सव्वातीन टक्क्यांसाठी पाच किलोमीटर वाकडी वाट करणाऱ्याचा परतावा रस्त्यातच जळतो.

रेल्वेचा हिशेबही असाच. श्रीरामपूरचे रेल्वे स्थानक दौंड–मनमाड मार्गावर बेलापूर या नावाने नोंदलेले आहे. रेल्वेच्या संकेतस्थळावर क्रेडिट कार्डाने तिकीट काढले की साधारण एक टक्का व्यवहार शुल्क लागते. आयआरसीटीसी आणि एसबीआय कार्ड यांच्या जोडकार्डावर हे शुल्क माफ असते आणि वातानुकूलित वर्गाच्या तिकिटावर पॉइंट मिळतात. वर्षातून दोनदा स्लीपरने जाणाऱ्या कुटुंबाला यात फारसे काही नाही. तिकिटाचे पैसे यूपीआयने दिले तरी त्याचे भागते. विमानतळावरच्या विश्रामकक्षात मोफत प्रवेश देणाऱ्या, वर्षाला 10,000 रुपयांच्या पुढे फी असलेल्या कार्डांचे तर बोलायलाच नको. काकडीचे शिर्डी विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 ला सुरू झाले आणि विमान श्रीरामपूरच्या जवळ आले, हे खरे. पण दोन वर्षांतून एकदा उडणाऱ्या माणसाने चहा-नाश्त्यासाठी एवढी फी भरणे शहाणपणाचे नाही.

विजेच्या बिलात कार्ड उलट तोट्याचे ठरू शकते. महावितरणच्या ऑनलाइन भरण्याला क्रेडिट कार्ड सोडून इतर मार्गांवर शुल्क नाही. ऑनलाइन भरल्यास पाव टक्का सूट मिळते, बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरल्यास सुमारे एक टक्का तत्पर भरण्याची सूट मिळते, आणि छापील बिल नको असे कळवून 'गो ग्रीन'मध्ये नाव नोंदवले की प्रत्येक बिलामागे 10 रुपये, वर्षाला 120 रुपये कमी होतात. यासाठी कोणतेही कार्ड लागत नाही. 1,500 रुपयांच्या बिलावर एक टक्क्याचे पॉइंट 15 रुपयांचे. 'गो ग्रीन'चे 10 आणि वेळेत भरल्याचे 15 मिळून 25. सवलतीचा शोध घेणाऱ्याने कार्डाच्या आधी अशा सवलती पाहाव्यात.

किराणा, भाजी, दूध, औषधे हा घरखर्चाचा सर्वांत मोठा भाग 2022 पर्यंत कार्डाच्या बाहेरच होता, कारण छोट्या दुकानात कार्डाचे मशीन नसते. 20 सप्टेंबर 2022 ला रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय सुरू झाली आणि दुकानातल्या साध्या क्यूआर कोडवर क्रेडिट कार्डाने पैसे देता येऊ लागले. अट एकच, की तो कोड व्यापारी म्हणून नोंदलेला असावा. भाजीवालीने आपल्या स्वतःच्या खात्याचा कोड लावला असेल तर क्रेडिट कार्डाचे पैसे तिथे जात नाहीत. ओळखीच्या माणसालाही पाठवता येत नाहीत. छोट्या व्यापाऱ्याला 2,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर एमडीआर लागत नाही. दुकानदाराच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे, पण बँकेला काही मिळत नसल्यामुळे पुष्कळ कार्डांवर अशा व्यवहारांचे पॉइंट अर्धा-एक टक्क्याच्या आत ठेवलेले असतात.

दुकानदाराची बाजूही समजून घ्यायला हवी. मोबाइल, सोने किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणाऱ्याचा नफा आधीच चार-पाच टक्क्यांवर आलेला असतो आणि त्यातले दोन टक्के कार्डाला द्यायचे म्हणजे निम्मी कमाई घालवणे. म्हणून 'कार्ड असेल तर दोन टक्के जादा' असे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. बँकेबरोबरच्या करारात हे बसत नाही, तरी ते चालते. दोन टक्के जादा देऊन एक टक्क्याचे पॉइंट घेणारा ग्राहक 25,000 रुपयांच्या मोबाइलवर 250 रुपये गमावतो. तेव्हा भाव ठरवताना रोखीचा आणि कार्डाचा, दोन्ही दर विचारावेत. रोखीने घेतल्यावर दुकानदार पॉइंटांपेक्षा जास्त सोडत असेल, तर कार्ड खिशातच ठेवणे फायद्याचे.

दिवाळी-दसऱ्याच्या ऑनलाइन विक्रीत ठरावीक बँकेच्या कार्डावर मिळणारी 10 टक्क्यांची तत्काळ सूट हा सर्वांत मोठा आणि सर्वांत खरा लाभ आहे. तिचा पैसा बहुतांशी जाहिरातीच्या खर्चातून येतो, त्यामुळे ती कमिशनाच्या मर्यादेत अडकत नाही. तिला वरची मर्यादा असते, एका खरेदीमागे 1,000 किंवा 1,500 रुपये अशी. फ्रिज किंवा धुलाई यंत्र घ्यायचेच असेल तर ते त्या आठवड्यात घ्यावे. त्याच विक्रीत 'नो कॉस्ट ईएमआय' दिसतो. त्यात बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो, असा तो व्यवहार असतो. व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र ग्राहकाच्या माथी येते आणि पॉइंटही बहुधा मिळत नाहीत.

आता एका घराची बेरीज. नवरा-बायको दोघे मिळून दर महिन्याला पगार घेणारे, श्रीरामपुरात राहणारे एखादे कुटुंब धरू. पेट्रोलचे निव्वळ 971 रुपये वर पाहिले. महिन्याला 5,000 रुपयांची ऑनलाइन खरेदी पाच टक्क्यांच्या जोडकार्डाने केली तर वर्षाला 3,000. किराण्याच्या 6,000 रुपयांवर रुपे कार्डाने एक टक्का मिळाला तर 720. सणाच्या विक्रीत एका मोठ्या वस्तूवर 1,500. एकूण 6,191 रुपये. सगळे जमून आले, एकही तारीख चुकली नाही आणि पॉइंटांसाठी म्हणून एकही जादा वस्तू घेतली नाही, तर एवढे. प्रत्यक्षात चार हजार हाती लागले तरी हिशेब चांगला जमला म्हणावे. ही रक्कम क्षुल्लक नाही. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च तीत निघतो. पण तिला उत्पन्न म्हणणे बरोबर नाही. ती खर्चातली बचत आहे आणि खर्च नसेल तर तीही नाही.

बिनव्याजी मुदतीतून पैसे कमावण्याची कल्पनाही बोलली जाते. बिलाच्या चक्रात खरेदी कधी केली त्यावर ही मुदत साधारण 18 ते 50 दिवसांची असते. 20,000 रुपये 50 दिवस बचत खात्यात तीन टक्क्यांनी राहिले तर व्याज होते 82 रुपये. सोय म्हणून मुदत मोलाची आहे, विशेषतः दवाखान्याचा खर्च अचानक आला तर. कमाई म्हणून तिच्यात काही नाही.

जास्त पॉइंटांच्या ओढीने माणसे खर्च फिरवू लागतात. मित्राचा मोबाइल, नात्यातल्या लग्नाचे सोने, शेजाऱ्याचे तिकीट आपल्या कार्डावर घ्यायचे आणि त्यांच्याकडून रोख पैसे घ्यायचे, ही नेहमीची रीत. कधी तर ओळखीच्या दुकानदाराकडे कार्ड घासून, माल न घेता, दोन-तीन टक्के कापून रोख घेतली जाते. ही दुसरी गोष्ट बँकेच्या नियमांचा सरळ भंग आहे आणि कार्ड बंद होण्याचे हमखास कारण आहे. पहिलीतही जोखीम लहान नाही. मित्राने पैसे दिले नाहीत तर बँक त्याला ओळखत नाही, बिल कार्डधारकाचेच असते. एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी रोखीने 1 लाख किंवा इतर मार्गांनी 10 लाख रुपये भरले गेले तर बँक ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते. विवरणपत्रात उत्पन्न पाच लाखांचे आणि कार्डावर खर्च बारा लाखांचा दिसला की विचारणा होणारच.

अशा फेऱ्यांचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीचे आहे. एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून टांकसाळ ती दर्शनी किमतीला, टपालखर्च न घेता घरपोच देत असे आणि क्रेडिट कार्डही घेत असे. लोकांनी हजारो डॉलरची नाणी मागवली, ती तशीच बँकेत भरून कार्डाचे बिल चुकते केले आणि विमानप्रवासाचे पॉइंट फुकटात जमवले. जुलै 2011 मध्ये टांकसाळीने कार्ड घेणे बंद केले. भारतातही वॉलेट आणि घरभाडे यांच्या वाटा बँकांनी याच कारणाने एकेक करून बंद केल्या. एसबीआय कार्डाचे कॅशबॅक कार्ड सप्टेंबर 2022 मध्ये आले तेव्हा महिन्याच्या कॅशबॅकची मर्यादा 10,000 रुपये होती. मे 2023 पासून ती 5,000 झाली. कार्डाचे नियम एकतर्फी बदलतात, आणि ज्या नियमाचा लोक सर्वाधिक फायदा घेतात तो सर्वांत आधी बदलतो.

पैशाची दुसरी वाट, म्हणजे व्याज, हा या विषयातला सर्वांत गंभीर भाग. भारतात क्रेडिट कार्डाचे व्याज सर्वसाधारणपणे महिन्याला तीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला 36 ते 45 टक्के असते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 ला तो निर्णय रद्द केला. त्यामुळे आज कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा नाही.

किमान रक्कम भरली की काम भागले, असा समज सर्वत्र आहे. त्याचे परिणाम आकड्यांत पाहावेत. समजा 5 जूनला 20,000 रुपयांची खरेदी झाली, 20 जूनला बिल आले, 10 जुलै ही शेवटची तारीख. त्या दिवशी किमान रक्कम म्हणून 1,000 रुपये भरले. पूर्ण बिल न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज 5 जूनपासून लागते. साडेतीन टक्के महिना दराने 20,000 रुपयांवर 35 दिवसांचे 805 रुपये, उरलेल्या 19,000 वर 20 जुलैपर्यंतच्या 10 दिवसांचे 219 रुपये, मिळून 1,024. त्यावर 18 टक्के जीएसटी 184. एकूण 1,208 रुपये. म्हणजे 1,000 रुपये भरूनही देणे 20,208 रुपये झाले. याच खरेदीवर एक टक्क्याने मिळालेले पॉइंट 200 रुपयांचे. एका चुकलेल्या महिन्याने अशा सहा खरेद्यांचे पॉइंट खाल्ले. थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, आणि कार्डाने एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर अडीच-तीन टक्के शुल्क लागते.

श्रीरामपूर तालुक्याला हा मुद्दा जास्त लागू पडतो. क्रेडिट कार्ड दर महिन्याला पगार घेणाऱ्याच्या मापाने शिवलेले आहे. तालुक्यातली मोठी उलाढाल मात्र ऊस, सोयाबीन, कांदा, गहू यांच्या हंगामावर चालते. ऊस कारखान्याला घातल्यावर 14 दिवसांत पैसे देण्याचे बंधन 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण वेळेवर मिळाले तरी ते पैसे वर्षातून ठरावीक वेळीच येतात. कार्डाचे बिल दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येते. भाव पडले म्हणून कांदा चाळीत ठेवणाऱ्याला बँक तारीख पुढे ढकलून देत नाही. खते-बियाण्यांच्या उधारीऐवजी कार्ड वापरून 'ऊस गेला की भरू' असे म्हणणाऱ्याला वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपास व्याज पडते. एवढ्या व्याजावर कोणतेही पीक परवडत नाही.

शेतकऱ्यासाठी वेगळे कार्ड आधीपासून आहे. आर. व्ही. गुप्ता समितीच्या शिफारशीवरून 1998 मध्ये किसान क्रेडिट कार्ड सुरू झाले आणि त्याची परतफेड पिकाच्या हंगामाला जोडलेली आहे. वेळेवर परतफेड करणाऱ्याला केंद्राकडून तीन टक्के व्याज सवलत मिळते. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली राज्याची सवलत त्यात मिळवली की 30 जूनपर्यंत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाचे व्याज शून्यावर येते. विविध कार्यकारी सेवा सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचे कर्ज घेणारा जवळजवळ प्रत्येक जण ही तारीख जाणतो. एक लाखाच्या कर्जावर केंद्र आणि राज्य मिळून सहा टक्के, म्हणजे वर्षाला सहा हजारांच्या आसपास वाचतात. वरच्या पगारदार कुटुंबाने चार प्रकारच्या खर्चांवर लक्ष ठेवून वर्षभरात मिळवले तेवढे शेतकऱ्याला एकच तारीख पाळून मिळते. शेतकरी कुटुंबाने पॉइंटांच्या मागे लागण्याआधी ही सवलत पदरात पाडून घ्यावी. घरात दुधाचे किंवा नोकरीचे दरमहा पैसे येत असतील तर तेवढ्या पैशांपुरते कार्ड जरूर वापरावे. पिकाच्या भरवशावर नाही.

कार्ड मिळण्यासाठी बँका पगारपत्रक किंवा प्राप्तिकर विवरणपत्र मागतात. ज्यांच्याकडे दोन्ही नाहीत त्यांच्यासाठी मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा चांगला मार्ग आहे: 20,000 रुपयांची ठेव ठेवली की तिच्या साधारण 75 ते 100 टक्के मर्यादेचे कार्ड मिळते आणि ठेवीवर व्याज चालू राहते. पतसंस्थांना क्रेडिट कार्ड देता येत नाही. पतसंस्थेचे नाव सांगून कोणी क्रेडिट कार्ड देऊ करत असेल तर सावध व्हावे. कार्डाची परतफेड सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे नोंदली जाते. 300 ते 900 या मोजपट्टीवर गुण मिळतात आणि पुढे घराचे किंवा ट्रॅक्टरचे कर्ज मागताना तेच पाहिले जातात. वर्षातून एकदा हा अहवाल मोफत मिळतो आणि तो प्रत्येकाने पाहावा.

रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 ला कार्डांबाबतचे निर्देश काढले. त्यांतले काही कार्डधारकाच्या थेट उपयोगाचे आहेत. न मागितलेले कार्ड देण्यास मनाई आहे. बिलाची तारीख किमान एकदा आपल्या सोयीप्रमाणे बदलून घेता येते. ज्याचा पगार सात तारखेला होतो त्याने भरण्याची शेवटची तारीख त्यानंतर येईल असे चक्र मागून घ्यावे. बिल भरायला तीन दिवसांपर्यंत उशीर झाला तर विलंब शुल्क लावता येत नाही. सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे बचत खात्यातून पूर्ण रकमेची आपोआप वजावट लावून ठेवणे. अर्जात 'किमान रक्कम' आणि 'पूर्ण रक्कम' असे दोन पर्याय असतात. तिथे पूर्ण रक्कमच निवडावी.

पॉइंटांच्या नावाने होणारी फसवणूक आता खेड्यापाड्यांत पोचली आहे. 'तुमचे 7,000 रुपयांचे पॉइंट आज रात्री संपणार' असा संदेश येतो, त्याखाली दुवा किंवा ॲप असते, आणि ते उघडले की कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी चोराच्या हाती जातात. बँक पॉइंट देण्यासाठी ओटीपी मागत नाही आणि ॲप पाठवत नाही. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर आणि बँकेला त्याच तासात कळवावे. बँकेकडून 30 दिवसांत तक्रारीचे समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत दाद मागता येते. त्याची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते.

फी परवडत नसेल किंवा नियम बदलून परतावा उरला नसेल तर कार्ड बंद करावे, मात्र त्याआधी साठलेले पॉइंट वापरून घ्यावेत, कारण बंद झाल्यावर ते बहुधा बुडतात. सर्व देणे चुकते करून कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर बँकेने ते सात कामकाजी दिवसांत बंद केलेच पाहिजे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाच्या उशिरासाठी तिला कार्डधारकाला 500 रुपये द्यावे लागतात.